सीडीआर : न ऐकता ठेवलेली पाळत

२०१८च्या जानेवारीत ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. हे लोक इतरांच्या मोबाइलचे कॉल डेटा रेकॉर्ड, म्हणजे पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सगळे ज्याला ‘सीडीआर’ म्हणतात ते कागद, बेकायदा मिळवून गिऱ्हाइकांना विकतात, असा आरोप होता. तपास पुढे गेला तशी साखळी लांबत गेली. फेब्रुवारीत देशातील पहिल्या महिला गुप्तहेर म्हणून नावाजलेल्या एका बाईंना अटक झाली. यवतमाळ पोलीस दलातला एक कर्मचारी पकडला गेला. मार्चमध्ये मुंबईतल्या एका नामांकित वकिलाला अटक झाली. त्या अटकेत कायद्याची प्रक्रिया पाळली गेली नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तातडीने सोडायला लावले. अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही, म्हणून इथे कुणाचेही नाव घेत नाही. मला बोलायचे आहे ते विकल्या गेलेल्या मालाबद्दल.

खासगी गुप्तहेराकडे माणसे बहुतेक घरगुती कामे घेऊन जातात. बायकोवर संशय, नवऱ्यावर संशय, होणाऱ्या जावयाची चौकशी, भागीदार परस्पर दुसऱ्याशी व्यवहार करतो आहे का, उसने घेऊन पसार झालेला कुठे राहतो. चौकशी करण्यात गैर काही नाही. लग्न जमवताना मुलाच्या चाळीत जाऊन शेजाऱ्यांकडे विचारपूस करण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. पण शेजारी त्यांना जेवढे दिसले तेवढेच सांगू शकत. शिवाय कुणीतरी चौकशी करून गेले, हे संध्याकाळपर्यंत त्या घरी कळत असे. सीडीआर कितीतरी जास्त सांगतो, आणि ज्याच्याविषयी सांगतो त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सीडीआरमध्ये संभाषण नसते. तो एक लांबलचक तक्ता असतो. प्रत्येक ओळीत कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकावर फोन झाला, तारीख, सुरू झाल्याची वेळ अगदी सेकंदापर्यंत, किती सेकंद चालला, कॉल होता की एसएमएस, हँडसेटचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक आणि सिमकार्डाची ओळख सांगणारा आयएमएसआय क्रमांक. या रकान्यांनंतर सगळ्यात महत्त्वाचे दोन रकाने येतात. कॉल सुरू झाला तेव्हा फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या अँटेनाला जोडलेला होता, आणि संपला तेव्हा कोणत्या.

ही माहिती कंपनी मुद्दाम हेरगिरीसाठी गोळा करत नाही. फोन कुठे आहे हे जाळ्याला ठाऊक नसेल तर घंटाच वाजणार नाही. म्हणून खिशातला फोन आपण न वापरताही अधूनमधून जवळच्या टॉवरला आपली हजेरी देत असतो. एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड करून अँटेना असतात आणि प्रत्येकीकडे वर्तुळाचा एकतृतीयांश भाग येतो. माळरानावर अशा एका भागात कित्येक किलोमीटरचा प्रदेश मावतो. डोंबिवलीसारख्या दाटीच्या वस्तीत टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे तिथे माणूस काहीशे मीटरच्या अंतरात सापडतो. आता बरीच माणसे व्हॉट्सॲपवरच बोलतात. तो कॉल सीडीआरमध्ये कॉल म्हणून उमटत नाही, पण इंटरनेट वापराची ‘आयपीडीआर’ नावाची वेगळी नोंद असते. इंटरनेट दिवसभर चालू असल्याने ती सीडीआरपेक्षाही दाट असू शकते.

आता समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या एका बाईंचा तीन महिन्यांचा सीडीआर कुणाच्या तरी हातात पडला. बाई काल्पनिक आहेत, पण सीडीआर वाचण्याची पद्धत काल्पनिक नाही. वाचणारा आधी रात्री अकरा ते सकाळी सहाच्या नोंदी बाजूला काढतो. त्या रोज डोंबिवली पूर्वेला रामनगरच्या एकाच टॉवरवर आहेत, म्हणजे घर तिथे. सोमवार ते शनिवार, दहा ते सहा या वेळातल्या नोंदी वागळे इस्टेटच्या टॉवरवर, म्हणजे नोकरी तिथे. सकाळी पावणेनऊला सुरू झालेला कॉल डोंबिवलीच्या टॉवरवर आहे आणि अकरा मिनिटांनी संपताना मुंब्र्याच्या. बाई लोकलमध्ये आहेत आणि ती लोकल ठाण्याकडे चालली आहे. रविवारच्या दुपारच्या नोंदी कल्याणला पारनाक्यापाशी, आणि त्याच परिसरातल्या एका क्रमांकावर रोज रात्री दहा मिनिटे. ते माहेर असणार. इथवर फारसे काही बिघडलेले नाही, कारण एवढे शेजाऱ्यांनाही माहीत असते.

पुढे तीन गुरुवार ओळीने नौपाड्यातला एकच टॉवर दिसतो, आणि आदल्या दिवशी एका क्रमांकावर एक मिनिटाचा कॉल. तो क्रमांक स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याचा आहे, हे शोधायला कुणालाही अर्धा मिनिट पुरते. तिसऱ्या गुरुवारनंतर बहिणीला चाळीस मिनिटांचा फोन, तोही रात्री साडेबाराला. पुढच्या आठवड्यात कल्याणच्या न्यायालयाजवळच्या टॉवरवर दोनदा हजेरी आणि एका वकिलाच्या क्रमांकावर पाच कॉल. मग एका रात्री रामनगरची नोंद बंद होते आणि रात्रीचा टॉवर बदलापूरचा होतो. या बाईंचा एकही शब्द कुणी ऐकलेला नाही. तरीही त्यांनी आईला सांगितले नसेल तेही वाचणाऱ्याला समजले, आणि घर सोडून त्या कुठे गेल्या हेही समजले.

इथे हा विषय तत्त्वचर्चेच्या बाहेर पडतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईसाठी तो बदलापूरचा टॉवर म्हणजे तिच्या दारापर्यंत काढून दिलेला नकाशा आहे. खासगीपणाविषयी बोलताना ‘ज्याने काही केले नाही त्याने कशाला घाबरायचे’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या बाईंनी काहीही केलेले नाही, आणि घाबरण्याचे सगळ्यात मोठे कारण त्यांच्याकडेच आहे.

हे सगळे अतिरंजित वाटत असेल तर जर्मनीतला अनुभव पाहा. ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे स्पिट्झ यांनी आपल्याच फोन कंपनीकडून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी मागून घेतल्या. त्या पस्तीस हजारांहून अधिक निघाल्या. २०११ साली ‘त्साइट’ या वृत्तपत्राने त्यांच्या परवानगीने त्या नकाशावर मांडून प्रसिद्ध केल्या. ते केव्हा आगगाडीत होते, केव्हा झोपले, कोणत्या सभेला गेले, सारे मिनिटामिनिटाने दिसत होते. २०१३ साली संशोधक द माँजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. त्यात नावे नव्हती, क्रमांक नव्हते, फक्त ठिकाण आणि वेळ होती. तरीही केवळ चार ठिकाण-वेळांच्या जोड्या माहीत असल्या की ९५ टक्के माणसे इतर सगळ्यांपासून वेगळी ओळखता येतात, असे त्यांना आढळले. ‘नावे काढून टाकली आहेत, काळजी करू नका’ असे कुणी सांगितले की हा आकडा आठवावा.

आपल्या कायद्याने मात्र ऐकणे आणि मोजणे यांत मोठी दरी ठेवली आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

फोनवरचे बोलणे ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५च्या भारतीय तार अधिनियमाने दिला. कलम ५(२) नुसार सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच तो वापरता येत होता. प्रत्यक्षात तो किती सैलपणे वापरला गेला हे उजेडात आल्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की फोनवरचे संभाषण हा खासगी आयुष्याचा भाग आहे, आणि ते ऐकायचे असेल तर आदेश गृहसचिवांच्या पातळीवरूनच निघायला हवा आणि त्याचा आढावा समितीने घ्यायला हवा. २००७ साली हे नियमांत आले. आदेश साठ दिवसांचा, वाढवला तरी एकूण एकशे ऐंशी दिवसांच्या पुढे नाही. जुना कायदा गेला आणि २०२३चा दूरसंचार कायदा आला. त्याखालचे २०२४चे नियमही साधारण याच चौकटीत आहेत.

ही चौकट निव्वळ कागदी नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने दाखवून दिले. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांनी विनीत कुमार प्रकरणात फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. प्रकरण लाचेचे होते. लाच हा गंभीर गुन्हा आहे, पण त्याने सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येत नाही, असे म्हणून न्यायालयाने ती ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. मराठी वृत्तपत्रांतून या निकालाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. नागरिकांच्या बाजूने लागलेला तो आपल्या राज्यातला एक फार महत्त्वाचा निकाल आहे.

सीडीआरला यातले काहीच लागू होत नाही. त्यासाठी पोलिसांना गृहसचिव लागत नाहीत, न्यायाधीश लागत नाहीत. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ आहे. तपासासाठी लागणारी कागदपत्रे मागण्याचा जो साधा अधिकार आहे, त्याच अधिकारात सीडीआर मागवला जातो. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना या नोंदी पूर्वी एक वर्ष ठेवाव्या लागत. डिसेंबर २०२१ पासून ही मुदत किमान दोन वर्षे आहे. म्हणजे माझे, तुमचे आणि त्या रामनगरच्या बाईंचे मागच्या दोन वर्षांतले येणे-जाणे आत्ता या क्षणी कुठल्यातरी सर्व्हरवर तयार आहे, आणि ते मिळवायला एक ईमेल पुरतो.

हा ईमेल कोण पाठवतो, यावर सगळे अवलंबून आहे. २०१३ साली दिल्लीत राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचा सीडीआर मागवला गेल्याचे उघड झाले. एका साध्या पोलीस शिपायाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सरकारी ईमेलवरून ती मागणी केली होती. बोभाटा झाला, कारण माणूस मोठा होता. त्यानंतर केंद्रीय गृहखात्याने सीडीआर मागण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुरता मर्यादित केला. मागणी त्यांच्या अधिकृत ईमेलवरून फोन कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जायची. नियम चांगला होता. पण अधीक्षक स्वतः बसून ईमेल टाइप करत नाहीत. ते काम कार्यालयातला कर्मचारी करतो, पासवर्ड त्याच्याकडे असतो, आणि गुन्हा क्रमांकाच्या रकान्यात काय लिहायचे हेही त्यालाच ठाऊक असते. पाच वर्षांनी ठाण्याच्या प्रकरणात यवतमाळचा पोलीस कर्मचारी पकडला गेला, तेव्हा हे दार उघडेच राहिले होते हे दिसले. नोडल अधिकाऱ्याला समोर सरकारी पत्त्यावरून आलेली मागणी दिसते. ती खऱ्या तपासासाठी आहे की कुणा नवऱ्याच्या पैशांसाठी, हे त्याने कसे ओळखायचे?

शाबासकीही द्यायला हवी. ही साखळी उघडी पाडली ती ठाण्याच्या पोलिसांनीच, आणि त्यात आपल्याच खात्यातल्या माणसाला हात घालायला ते कचरले नाहीत. तपासात सीडीआर लागतो हेही मला मान्य आहे. अपहरण, खून, दरोडा, ऑनलाइन फसवणूक यांत पहिल्या तासाभरात ‘लोकेशन काढले’ म्हणून माणसे वाचली आहेत. सोनसाखळी चोरीसारख्या गुन्ह्यात त्या वेळी त्या टॉवरवर असलेल्या सगळ्याच फोनची यादी मागवतात. तिला ‘टॉवर डंप’ म्हणतात. कल्याण स्टेशनजवळचा संध्याकाळी सातचा टॉवर डंप डोळ्यांसमोर आणा. एका चोरासाठी हजारो प्रवाशांची हजेरी पोलिसांच्या संगणकात येऊन पडते. चोर सापडल्यावर बाकीच्या हजारोंच्या नोंदींचे पुढे काय करायचे, हे कायद्याने स्पष्ट सांगायला हवे.

शिवाय टॉवर खोटे बोलत नसला तरी नेमके बोलतोच असे नाही. जवळच्या टॉवरवर गर्दी असली की फोन दूरच्या टॉवरला चिकटतो. पाण्यावरून लहरी अडथळ्याविना जातात. डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन खाडीपलीकडच्या भिवंडी बाजूचा टॉवर पकडू शकतो, आणि कागदावर तो माणूस खाडी ओलांडून गेलेला दिसतो. एवढ्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये. उलट आरोपीला आपण तिथे नव्हतो हे सिद्ध करायलाही सीडीआरच उपयोगी पडतो. म्हणून त्या नोंदी नीट जपल्या जाणे हे आरोपीच्याही हिताचे आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सांगितले. तपासात जप्त केलेले सीडीआर कंपन्यांनी वेगळे आणि सुरक्षित ठेवावेत, असेही सांगितले. मूळ वाद उमेदवारी अर्ज दाखल करण्याच्या वेळेचा होता आणि पुरावा निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. त्यातून सगळ्या देशासाठी नियम झाला.

पोलिसांवर निदान काही बंधन आहे. जाहिरातींच्या बाजारावर आजवर तेवढेही नव्हते.

कल्याण-शीळ रस्त्याने दोनदा गेले की फोनवर तिथल्या गृहसंकुलांच्या जाहिराती सुरू होतात, असा अनुभव इथल्या पुष्कळ जणांना आहे. त्यावर ‘फोन आपले बोलणे ऐकतो’ असा समज घट्ट बसला आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासून २०१८ साली निष्कर्ष मांडला. गुपचूप मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारे ॲप त्यांना आढळले नाही. काही ॲप्स मात्र स्क्रीनचे चित्रीकरण करून बाहेर पाठवताना सापडली. त्या जाहिराती येण्यासाठी ऐकण्याची गरजच नसते. फोनमध्ये एक जाहिरात क्रमांक असतो. तुम्ही मोफत ॲप किंवा वेबपान उघडता, तेव्हा त्यावरच्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव डोळ्याचे पाते लवायच्या आत होतो. बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांना तुमचा जाहिरात क्रमांक, हँडसेटचे मॉडेल, इंटरनेटचा पत्ता आणि पुष्कळदा अक्षांश-रेखांशही दिले जातात. जाहिरात एकच कंपनी लावते, पण हरलेल्या सगळ्यांनाही माहिती मिळालेली असते. ती साठवणे आणि पुढे विकणे हा काहींचा स्वतंत्र धंदा आहे. अशाच एका धंद्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२२ मध्ये कोचावा कंपनीवर खटला भरला. दवाखाने, प्रार्थनास्थळे, आश्रयगृहे इथवर माणसांचा माग काढता येईल असा डेटा ती विकते, असा आरोप होता.

या कंपन्यांच्या डोक्यात काय चालले आहे हे समजण्याची एक जागा म्हणजे पेटंटची कार्यालये. पेटंट हवे असेल तर युक्ती जगापुढे उघड करावी लागते. भारतातही अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि कुणीही तो वाचू शकतो. माणूस इंटरनेटच्या कक्षेबाहेर केव्हा आणि कुठे जाईल याचा त्याच्या आधीच्या हालचालींवरून अंदाज बांधायचा, अशा पद्धतीसाठी फेसबुकने २०१७ साली अमेरिकेत अर्ज केला होता. अर्ज केला म्हणजे ते वापरात आले असे नाही. पण एवढे खर्चून वकील लावून कंपनी ज्यावर मालकी सांगते, त्याला तिच्या लेखी किंमत आहे हे नक्की. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या संगणक प्रोग्रामला आणि व्यवसाय करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. हे कलम टिकायला हवे. माणसाच्या हालचालीचा अंदाज बांधण्याची पद्धत कुणाच्या खासगी मालकीची होऊ नये.

ठाण्यात सीडीआर विकणारे पकडले गेले त्याच वर्षी, जून २०१८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्याचा निकाल दिला. पोलिसांनी एका संशयिताच्या १२७ दिवसांच्या टॉवरच्या नोंदी न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. त्यांत तेरा हजारांच्या आसपास ठिकाणे होती. न्यायालय म्हणाले, इतक्या बारकाईने माणसाचा माग काढायचा असेल तर वॉरंट हवे. भारतातही त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले होते. त्या निकालाच्या प्रकाशात सीडीआरची परवानगी पोलीस खात्याच्या आतल्या आत राहणे टिकाऊ नाही, असे माझे मत आहे. फोन ऐकायला गृहसचिव लागतात, आणि माणसाचे दोन वर्षांचे आयुष्य उलगडायला पोलीस खात्यातलाच एक अधिकारी पुरतो, याला तर्कही नाही आणि न्यायही नाही.

नव्या कायद्यांनी काही दिले आहे. दूरसंचार कायदा, २०२३च्या कलम ४२ मध्ये कॉल डेटा रेकॉर्ड अनधिकृतपणे मिळवणे हा स्पष्ट गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. ठाण्याच्या प्रकरणाच्या वेळी सीडीआरचे नाव घेऊन सांगणारी इतकी सरळ तरतूद नव्हती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही २०२३ सालीच झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण त्याच्या कलम १७ मध्ये गुन्ह्याच्या तपासाला मोठी सूट आहे, आणि सरकार ज्या संस्था अधिसूचित करील त्यांना तर जवळजवळ पूर्ण मोकळीक. कंपन्यांना शिस्त लावताना सरकारने स्वतःला बाजूला काढून घेतले, हा या कायद्याचा सगळ्यात मोठा दोष आहे.

कायदे वरूनच बदलतात असे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्या अटकेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारचे ‘संचार साथी’ ॲप आधीच घालून देण्याची सक्ती लोकांनी आवाज उठवताच काही दिवसांत मागे घेतली गेली. त्या सेवेचा एक भाग उपयोगाचा आहे, तो जरूर वापरा. तुमच्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे तिच्या संकेतस्थळावर कळते, आणि त्यासाठी ॲप ठेवावे लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, गोपनीयतेच्या भागात, जाहिरातींचा पर्याय असतो. तिथे जाहिरात क्रमांक कायमचा पुसता येतो. टॉर्चच्या किंवा पंचांगाच्या ॲपला लोकेशन देऊ नका.

सीडीआरच्या बाबतीत मात्र फोनमधले कोणतेही बटण कामाचे नाही. तिथे मागणीच करावी लागेल, आणि माझ्या मते ती तीन गोष्टींची असावी. तातडीची वेळ सोडली तर सीडीआरला दंडाधिकाऱ्याची मंजुरी हवी, तातडीत घेतला तर नंतर काही दिवसांत ती मिळवायला हवी. तपास संपला आणि तुमचा संबंध नाही असे निघाले, तर तुमचा सीडीआर पाहिला गेला होता हे तुम्हाला लेखी कळवायला हवे. हे झाले असते तर पैसे घेऊन काढलेला पहिलाच सीडीआर उघडकीला आला असता. आणि प्रत्येक आयुक्तालयाने दरवर्षी आकडा जाहीर करायला हवा. नावे नकोत, क्रमांक नकोत, फक्त संख्या.

शेवटच्या मागणीसाठी कायदा बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाण्यासह भिवंडी, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर येते. तुम्ही इथे राहत असाल तर माहिती अधिकारात एवढेच विचारा: गेल्या कॅलेंडर वर्षात किती मोबाइल क्रमांकांचे सीडीआर आणि किती टॉवर डंप मागवले, त्यांपैकी किती गुन्ह्यांत आरोपपत्र दाखल झाले, आणि उरलेल्या नोंदी नष्ट करण्याविषयी कोणता आदेश लागू आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत असावा लागतो. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि उत्तर तीस दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे.